पहिली सुई, शेवटची सुई

2025 च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठ दोन आदेश आले. 11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत रस्त्यावर सोडू नका. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला : नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, फक्त रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून येणारं कुत्रं सोडू नका. मग 7 नोव्हेंबरला तिसरा आदेश आला : शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत आणू नका.

मोठ्या शहरांत यावर मोर्चे निघाले, चर्चा झडल्या. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या, अडाण नदीकाठच्या बोरी अरबसारख्या गावात मोर्चा निघत नाही. पण शाळा तिथेही आहे, एसटीचा थांबा आहे, आणि थांब्याखाली निजलेली कुत्रीही आहेत. त्यांना हलवून न्यायचं कुठे? आणि निवारा नसलेल्या गावात आजारी, जखमी, टाकून दिलेल्या कुत्र्याचा शेवट कोणी आणि कसा करायचा?

पुढच्या संवादातले मामा आणि भाची कल्पित आहेत, त्यांची मतं मात्र या भागात कुठल्याही ओट्यावर ऐकू येतील अशी. मामा जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. आता कपाशी आणि तूर करतात. भाची नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली. नोकरी सांभाळून प्राण्यांच्या एका निवाऱ्यात काम करते.

मामा : निवाऱ्याचं मले कौतुक आहे, बाई. तुम्ही पोट्टेपोट्टी रक्ताचं पाणी करून तो चालवता. पण येक सांग, तिथं आलेलं कुत्रं बाहेर कधी निघते?

भाची : पिल्लू असलं, अंगाने धड असलं, तर लवकर घर मिळतं. म्हातारं, तीन पायांचं किंवा माणसाला बिचकून दात दाखवणारं असलं, तर राहतं.

मामा : किती दिवस?

भाची : बहुतेक वेळा मरेपर्यंत.

मामा : म्हणजे जन्मठेप. गुन्हा काय, तं मालकानं टाकून देल्लं. येका पिंजऱ्यात पाच-पाच कुत्रे, दिवसरात्र भुंकणं, येकाले पार्वो झाला की सारी रांग आडवी. मी म्हणतो, ज्याले घर भेटणारच नाही त्याले सिमेंटवर दहा वर्षं ठेवण्यापेक्षा सुई बरी. तं तू मले कसाई समजते.

भाची : कसाई नाही म्हटलं मामा, घाई करता म्हटलं. ते वेशीजवळचं तांबडं कुत्रं आठवतं? मागून रक्त ठिबकत होतं, फुलकोबीसारखी गाठ बाहेर आलेली. चौघांनी सांगितलं कॅन्सर आहे, सुई द्या. तुम्हीही मान हलवलीत. तो कुत्र्याकडून कुत्र्याकडे संबंधातून पसरणारा ट्यूमर आहे. व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्याला एक, असं चार-सहा आठवडे दिलं की बहुतेक कुत्री बरी होतात.

मामा : हे मले शिकवते? ते शिरेत द्याचं इंजेक्शन आहे. शिरेबाहेर दोन थेंब गेले तं पायाचं मांस सडते. दर आठवड्याले ते कुत्रं हुडका, फास टाका, तोंड बांधा, मंग पाय धरून शीर शोधा. कोण करन? ज्याले कापूस वेचाले माणसं भेटत नाहीत तो भटक्या कुत्र्यापायी यवतमाळले सहा चकरा मारन?

भाची : नाही मारणार. पण मग आजार असाध्य आहे असं तरी म्हणू नका. नियमात सुईची परवानगी कोणासाठी आहे? असाध्य आजार झालेल्या किंवा जगण्याची आशाच नाही इतक्या जखमी कुत्र्यासाठी. नागपुरात जो आजार सहा आठवड्यांत बरा होतो तोच बोरीत असाध्य ठरतो. त्या कुत्र्याचा जीव रोगाने ठरला नाही, अंतराने ठरला.

मामा : माणसाचंही तसंच आहे, पोरी. सावंगीले, नागपूरले वेळेत पोचला तो वाचला. गरिबाच्या गावात साऱ्याच जिवांचा निकाल अंतरावर लागते. मी काही ते बरोबर आहे म्हणत नाही. मी म्हणतो, जे आहे ते धरून ठरवा. औषध येणार नाही, कोणी धरणार नाही, जखमेत अळ्या पडणार, पावसात ते कुत्रं मेंढ्यांच्या वाड्यामागं आठ दिवस कण्हत मरणार. हे मी पाहिलं आहे. तुम्ही निवाऱ्यातले लोक, दारात आणलेलं कुत्रं पाहता. मी न आणलेलं पाहिलं.

भाची : ते मान्य. पण गावात सुई मागणारे सगळेच काही त्या कुत्र्याच्या वेदनेपायी मागत नाहीत. त्याच्या वासाचा, रक्ताचा त्रास होतो म्हणून मागतात.

मामा : हाव, मागतात. म्हणूनच सुई त्याहीच्या हाती नाही देल्ली, डॉक्टरच्या हाती देल्ली. तुले माहीत नसन, आमच्या तरुणपणी सुई नव्हतीच. भाकरीत नाहीतर मटणाच्या तुकड्यात कुचल्याचं विष. अर्ध्या घंट्यात कुत्रं धनुष्यासारखं ताठ. शुद्धीवर असते, हे ध्यानात घे. जरा आवाज झाला की पुन्हा आचका. लोक दार लावून घेत. त्याच्या शेजारी ठेवून पाह्य नीट देल्लेली सुई. अगोदर गुंगीचं इंजेक्शन, मान खाली जाते. मंग पुढच्या पायाचे केस कातरून शिरेत पेंटोबार्बिटॉल. ते भुलीचंच औषध, फक्त मात्रा मोठी. श्वास थांबते, मंग काळीज. कानाले नळी लावून ऐकाचं, डोळ्याच्या बुबुळाले बोट लावून पाहाचं, पापणी हालत नाही ना. मी सुईच्या बाजूनं आहो, कारण बाकीचं सारं मी पाहून बसलो.

भाची : ते औषध गावातल्या दवाखान्यात सहज मिळतं का?

मामा : नाही. तोही येक घोळ आहेच. दयेचं औषध शहरात, विष मात्र खेड्यात कुठंही भेटते. कपाशीवर माराचं, डुकराले घालाचं.

भाची : म्हणजे सुईचा आग्रह धरायचा, तर आधी ती सोय उभी करावी लागेल. आणि सोयच उभी करायची, तर लसीची आणि नसबंदीची आधी का नाही?

मामा : थांब, तू मले गोल फिरवून राहिली. सेवाग्राम इथून काही लांब नाही. गांधीजी तिथं येण्याच्या अगोदरची गोष्ट, साबरमतीची. 1928 साली आश्रमातल्या वासराले उठता येईना, तडफडत होतं. गांधीजींनी डॉक्टर बोलावून आपल्या समोर त्याले विषाचं इंजेक्शन देवविलं. अहिंसेचा येवढा मोठा माणूस! लोकांनी शिव्यांची पत्रं लिहिली, तरी ते हटले नाहीत. त्याहीचं म्हणणं, जिवाची वेदना थांबवणं ही हिंसा नाही.

भाची : ती गोष्ट मलाही माहीत आहे, आणि मी ती तुमच्याविरुद्ध वापरणार आहे. त्या वासराची आधी सेवा झाली होती. उपचार झाले, जाणत्याने पाहून आता उपाय नाही असं सांगितलं, आश्रमात त्यावर बोलणं झालं, आणि मग इंजेक्शन. त्याच्या दोन वर्षं आधीचं, 1926 चंही आठवा. अहमदाबादच्या अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातली साठेक कुत्री मारवली. गांधीजींनी त्यांना दोष दिला नाही, हे खरं. पण त्याच लेखांत त्यांनी समाजाला धारेवर धरलं. बेवारस कुत्रं ही समाजाची चूक आहे; येताजाता तुकडा टाकणं ही दया नव्हे; पाळायचं तर नीट पाळा, जबाबदारी घ्या, असा त्यांचा सूर होता. आपण त्यातलं मारण्यापुरतं उचललं आणि पाळण्याचं सोडून दिलं.

मामा : मंग तुझं म्हणणं काय, येका वाक्यात सांग.

भाची : शेवटची सुई मागायचा हक्क, पहिली सुई ज्याने दिली त्यालाच. ज्याने लस टोचली, जंताचं औषध दिलं, आजारपणात दवाखाना दाखवला, त्याने म्हणावं की आता याचे हाल बघवत नाहीत. त्याच्या तोंडी ती दया आहे. बाकीच्यांच्या तोंडी ती साफसफाई आहे.

मामा : ऐकाले गोड आहे. पण त्या बिनमालकाच्या कुत्र्यानं काय करावं? ट्रक अंगावरून गेला, कंबर मोडली, मागचे पाय घासत रस्त्याच्या कडेले पडलं. त्याले पहिली सुई कोणीच देल्ली नव्हती. मंग तुझ्या हिशेबानं त्याले शेवटचीही कोणी द्याची नाही? त्यानं दुसऱ्या ट्रकची वाट पाहाची?

भाची : नाही. त्याला आजच द्यावी, यात वाद नाही. पण ती दिल्यावर तिथेच थांबू नये. बिनमालकाच्या कुत्र्याचा मालक कायद्याने ठरलेला आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 वाचा. पाळीव प्राण्याची लस, जंतनाशक, नसबंदी ही मालकाची जबाबदारी; रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक प्रशासनाची. म्हणजे शहरात नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. आणि हौसेने विकत घेऊन नंतर सोडून दिलेलं जातिवंत कुत्रंही रस्त्यावरच्यातच मोजलं आहे.

मामा : ग्रामपंचायतीकडं नालीतला गाळ काढाले पैसे नाहीत. ते कुत्र्यांची नसबंदी करतीन? आपल्या गावातलं कुत्रं धड पाळीव नाही, धड भटकं नाही. त्याले नाव आहे, चार घरी भाकर भेटते, रात्री कोणाच्या तरी अंगणात निजते. लसीचं कार्ड मात्र कोणाच्याच घरी नाही. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 12 लाख 76 हजार भटके कुत्रे निघाले. आपल्या गावातला मोत्या त्यात धरला का नाही, कोण सांगन?

भाची : हेच तर दुखणं आहे. भाकर चार घरांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही. शेतावर जागलीला कुत्रं हवं, रानडुक्कर आलं, रोही आला की भुंकायला. ते कपाशी राखतं. आणि व्यालं तर मादी पिल्लं पोत्यात घालून आठवडी बाजाराच्या कडेला. नर ठेवायचा, मादी टाकायची. तीच मादी वर्षाच्या आत तिथेच विते. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांत भरतात. मग आपण म्हणतो, कुत्री फार झाली.

मामा : हे खरं आहे. मी स्वतः लोकांले सांगून थकलो, मादीच पाळा अन् तिचं ऑपरेशन करा, मादी घर सोडून भटकत नाही. उत्तर काय? 'साहेब, तिचं पाप आपल्या हातानं कायले करता?' पोत्यात घालून सोडलं तं पाप नाही, अन् टाके घातले तं पाप.

भाची : आणि कायद्याचा धाक किती? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. कारण नसताना प्राणी टाकून दिला तर गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ तोच आकडा. नागपुरात लोक हौसेने हस्की घेतात. बर्फातलं कुत्रं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. एसीचं बिल आलं की कुत्रं निवाऱ्याच्या फाटकाला बांधून जातात. गळ्यात पट्टा असतो, शेजारी खाऊची पिशवी असते, नाव सांगणारी चिठ्ठीसुद्धा असते. फक्त माणसाचा फोन नंबर नसतो.

मामा : आपल्या मुलखाचं गावठी कुत्रं या उन्हात मजेत जगते, त्याले कोणी विचारत नाही. कारवानसारखी आपली जात सोडून लोक बर्फातलं आणतात. पण हे सारं मान्य केलं तरी माझा सवाल तसाच उरते. धोक्याचं काय? याच जिल्ह्यात राळेगावच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघीण मारली, अवनी म्हणतात ते. तेरा माणसांचे जीव तिच्या नावावर. शहरातले लोक रडले, इथल्या गावांनी सुटकेचा श्वास घेतला. ज्याच्या पोराले दात लागतात त्याले तुमचं तत्त्वज्ञान सांगणं सोपं नाही.

भाची : सोपं नाहीच. कुत्रं तर वाघापेक्षा जवळ, अंगणात. देशात 2024 साली कुत्रा चावल्याच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या. रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ शंभर टक्के मारतोच. म्हणून मी विचारते, मारल्याने तो कमी झाला का? मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचं फर्मान काढलं म्हणून 1832 च्या जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतरही मारणं चालूच राहिलं, पुढे तर विजेचा धक्का देऊन. 1994 च्या सुमारास महापालिकेने ते थांबवून नसबंदी सुरू केली. दीडशेहून अधिक वर्षं मारून कुत्री संपली नाहीत, रेबीजही संपला नाही. कारण कुत्रं मारलं तरी उकिरडा तसाच राहतो; जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतलं येतं. मेलेलं कुत्रं लस टोचलेलं असेल तर नुकसान दुप्पट, कारण त्याच्या जागी येणारं बिनलशीचं असतं.

मामा : संख्येसाठी मारणं बिनकामाचं आहे, हे मी पहिलेच मानतो. मी येकेका जिवाच्या हालाचं बोलून राहिलो. पण रेबीजचं उत्तर मले अजून भेटलं नाही.

भाची : गोवा. तिथे मारत नाहीत, टोचतात. 'मिशन रेबीज' आणि सरकार मिळून पथकं गल्लोगल्ली फिरली. पाळलेलं कुत्रं मालकाने धरलं, भटकं जाळ्यात घेतलं, लस दिली, अंगावर रंगाची खूण केली, मोबाइलवर नोंद केली आणि सोडलं. दरवर्षी 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे जगभर मानलेलं गणित आहे. 2018 पासून तिथे काही वर्षं रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. बोरीत किती कुत्री असतील? मनावर घेतलं तर दोन दिवसांचं काम आहे.

मामा : गोव्यात पैसा आहे, राज्य लहान आहे.

भाची : आपलं गाव तर त्याहून लहान आहे. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, लसीची शिबिरं होतात. येतात का लोक कुत्री घेऊन?

मामा : येतात. लॅब्राडोरवाले येतात. मोत्याले कोण आणन?

भाची : बघा, पुन्हा तिथेच आलो.

मामा : आता मी तुले येक टोचतो. तुमच्या नियमात लिहिलं आहे, पिसाळलेलं कुत्रं मारू नका, वेगळं ठेवा, दहा दिवसांत आपोआप मरते. गळा लुळा पडलेला, पाणी गिळता येत नाही, झटके येतात, सळईले चावून चावून दात मोडतात. त्याले दहा दिवस तसं ठेवाचं, याले दया म्हणाचं? इथं तं सुई पहिल्याच घंट्यात पाहिजे.

भाची : त्यामागे कारण आहे. जिवंत कुत्र्याकडे पाहून रेबीज आहे असं छातीठोक सांगता येत नाही. खात्री मेंदूच्या तपासणीतून होते, तीही मेल्यावर. डिस्टेंपरचं कुत्रंही लाळ गाळतं, फेफरं आल्यासारखं करतं. गाव ज्याला पिसाळलेलं म्हणून ठेचतं त्यातली काही डिस्टेंपरची असतात, काही नुसती भेदरलेली. आणि डोकं ठेचलं की तपासायला मेंदूच उरत नाही. ज्यांना चावलं त्यांना कळत नाही की काय चावलं.

मामा : तपासणीचं कारण मले पटते. पण ज्याची लक्षणं डॉक्टरच्या डोळ्यापुढं घंट्याघंट्यानं वाढून राहिली, त्याले सुई देऊन मंग मेंदू पाठवा. तपासणीही होते, हालही वाचतात.

भाची : इथे माझ्याकडे तुमच्याइतकं चांगलं उत्तर नाही. नियम करणाऱ्यांना भीती होती की एवढी फट ठेवली तर उद्या प्रत्येक नकोसं कुत्रं पिसाळलेलं ठरेल. ती भीती खोटी नाही. पण तिची किंमत ते एक कुत्रं मोजतं, हेही खरं. मात्र चावलेल्या माणसाने या वादात एक मिनिट घालवू नये. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ दवाखान्यात. लसीचे सगळे डोस घ्यायचे. जखम खोल असेल तर जखमेभोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यायचं.

मामा : हे मात्र दवंडी देऊन सांगाले पाहिजे. दोन डोस घेतात अन् शेतात पाणी आलं म्हणून तिसरा सोडून देतात.

भाची : आता तुमच्या जन्मठेपेवर येते. तुम्ही म्हणता, घर न मिळणाऱ्याला सुई द्या. अमेरिकेत तसंच होतं. निवाऱ्यात जागा संपली की निरोगी कुत्रंही मारत. तिथल्या एएसपीसीए या संस्थेचा अंदाज पाहा : 2011 साली निवाऱ्यांत वर्षाला 26 लाख कुत्री-मांजरं मारली जात, 2019 पर्यंत ती 9 लाख 20 हजारांवर आली. निवारे मोठे केले म्हणून नव्हे. नसबंदीमुळे आणि मालक सापडल्यामुळे आत येणारी कमी झाली, घरी जाणारी वाढली. सुई हाताशी होतीच. तिने प्रश्न सुटला नव्हता.

मामा : तरी नऊ लाख उरलेच ना? त्याहीचं काय कराचं, हे तुझा आकडा सांगत नाही.

भाची : नाही सांगत. माझ्या निवाऱ्यात एक आहे, दोनदा माणसाला फाडलेलं. त्याच्या पिंजऱ्यात कोणी जात नाही, अन्न सळईखालून सरकवतात. साखळी लावून शेतात बांधलेलं, मार खाऊन वाढलेलं. त्याला सुई द्यावी का, यावर आमच्यात दर बैठकीत भांडण होतं. मी विरोधात असते. पण ते कुत्रं सुखात आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मामा : मंग तूच सांग, त्याच्यासाठी विरोध करून राहिली का स्वतःसाठी?

भाची : थोडा स्वतःसाठी, हे कबूल. थोडा अशासाठी की एकदा दार उघडलं की जागा नाही, पैसा नाही, माणूस नाही ही सगळी कारणं वेदनेचा सदरा घालून आत येतील. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचंय त्यांनी ती दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत. नाहीतर दोनशे रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्या सक्तीला स्थगिती दिली, आणि ते योग्यच झालं, कारण कोणाला जबरदस्तीने मालक करता येत नाही. पण त्यामागचा प्रश्न मला टाळता येत नाही. भाकर टाकणारा हात लसीच्या वेळी कुठे असतो?

मामा : आता तू माझ्या भाषेत बोलाले लागली. मंग ऐक, कागदावर उतरन असं काही करू. ग्रामसभेत ठराव घ्याचा, गावच्या कुत्र्यांची येक वही कराची. घरपट्टीची वही असते तशी. कुत्र्याची खूण, नर का मादी, कोणाच्या अंगणात निजते, लसीची तारीख, ऑपरेशन झालं का नाही. भाकर देणाऱ्या चार घरांतून येक नाव ठरवाचं. त्याच्यावर दंड नाही, बोजा नाही. फक्त लसीच्या दिवशी कुत्रं धरून आणाचं.

भाची : नसबंदी मादीपासून. यवतमाळच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाला पत्र देऊ, आमच्या निवाऱ्यातले डॉक्टरही विचारते. नियमाप्रमाणे मान्यता असलेली संस्था लागते, ऑपरेशननंतर काही दिवस ठेवायची जागा लागते. ते लगेच जमणार नाही. लस मात्र या वर्षीच जमेल.

मामा : अन् वहीत शेवटचा रकाना पाहिजे. कुत्रं कसं गेलं. गाडीखाली, आजारानं, विषानं, म्हातारपणानं, का सुईनं. दहा वर्षांनी ती वही उघडू अन् पाहू, तुझं खरं का माझं. जर आजारानं कण्हत मेलेलेच जास्त निघाले, तं सुईची सोय गावात का नव्हती, हे मी विचारन.

भाची : आणि सुईने गेलेल्यांपुढे लस-तारखेचा रकाना कोरा निघाला, तर मी विचारीन. एक अट माझी. 'सुई' लिहिलं तर पुढे सही पाहिजे. डॉक्टरची तर हवीच, पण आणखी एक, ज्याने ती मागितली त्याची. कारण आणि सही. 'गावाने ठरवलं' असं चालणार नाही.

मामा : बिनमालकाचं, ट्रकखाली आलेलं असन तं?

भाची : मग सरपंचाची. नियमाने मालक तोच.

मामा : सरपंच सही करून राहिला की मंग बजेटमंधे लसीचे पैसेही निघतीन. हे तू हुशारीनं घातलं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांड, मी अनुमोदन देतो. पण येक ध्यानात ठेव, त्याच सभेत मी सुईच्या बाजूनंही बोलन.

भाची : बोला ना. फक्त ग्रामसभेच्या आधी रेबीज दिनाचं शिबिर आहे, तेव्हा मोत्याला धरून आणा. माझ्या हाताला तो लागत नाही.